एसटी स्टँडवर निजणाऱ्या माणसासाठी नगरपरिषदेकडे काय मागायचं

मृगाचा पहिला मोठा पाऊस लागला की कोकणातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी रात्री अकरानंतर एक फेरी मारून बघा. एरवी नजरेला न पडणारी माणसं त्या रात्री दिसतात, कारण उघड्यावर झोपणारा प्रत्येक जण छपराखाली सरकलेला असतो. एसटी स्टँडचा फलाट, मासळी बाजाराचे ओटे, बंद दुकानांच्या पायऱ्या, देवळाबाहेरची पडवी, रेल्वे स्टेशनच्या रिक्षाथांब्याची शेड. बाकीचे आठ महिने "आमच्याकडे कुठे आहेत बेघर?" असं म्हणणं खपून जातं. पावसात ते खपत नाही.

या कामात नव्याने पडणाऱ्यांसाठी हे लिहितेय. समाजकार्याचे विद्यार्थी असतील, विधी सेवा प्राधिकरणाचे नवे स्वयंसेवक असतील, कुणी निवृत्त शिक्षक असतील. वकिलांना यात नवं काही सापडणार नाही. कोर्टाने काय म्हटलंय आणि त्यातलं नेमकं काय आपल्या नगरपरिषदेच्या टेबलावर ठेवायचं, एवढाच विषय आहे.

माझी सुरुवात चुकीने झाली. पहिल्या अर्जात मी ठणकावून लिहिलं होतं की ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथवर राहण्याचा मूलभूत हक्क दिला आहे. मुख्याधिकारी साहेबांनी अर्ज शांतपणे वाचला आणि विचारलं, "मॅडम, निकालाचं शेवटचं पान वाचलंत का?" वाचलं नव्हतं. वर्तमानपत्रातल्या एका लेखावरून मी ते वाक्य उचललं होतं. चहा पाजून त्यांनी मला परत पाठवलं, अर्जावर शिक्कासुद्धा न मारता.

आधी निकाल वाचा, आणि शेवटापासून वाचा

ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका. निकाल १० जुलै १९८५ चा, सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींचा. गोष्ट मात्र सुरू होते १९८१ च्या जुलैत. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतल्या फुटपाथवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी किंवा शहराबाहेर धाडायचं जाहीर केलं. भर पावसात. अंतुले आपल्याच रायगडातल्या आंबेतचे, जुलैचा पाऊस म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. पत्रकार ओल्गा टेलिस, काही संघटना आणि खुद्द फुटपाथवर राहणारे लोक कोर्टात गेले.

कोर्टाने म्हटलं की जगण्याच्या हक्कात, म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये, उपजीविकेचा हक्क येतो. माणूस फुटपाथवर राहतो कारण त्याचं काम तिथून जवळ असतं. त्याला हटवलं की काम जातं आणि काम गेलं की जगणं जातं. म्हणून हटवायचं असेल तर रीतसर पद्धतीने, एरवी नोटीस देऊन आणि म्हणणं ऐकून. महापालिका कायद्याच्या कलम ३१४ मध्ये नोटिशीशिवाय हटवण्याची मुभा होती. तिचा अर्थ "नोटीस द्यायचीच नाही" असा होत नाही, असं कोर्टाने सांगितलं. आणखी एक मुद्दा होता. या लोकांनी उच्च न्यायालयात "आम्ही मूलभूत हक्क सांगत नाही" असं लिहून दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तेही त्यांच्याविरुद्ध धरलं नाही. मूलभूत हक्क असा लिहून देऊन सोडता येत नाही.

आता शेवटचं पान. फुटपाथवर बांधकाम करण्याचा हक्क कुणालाही नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. १९७६ च्या गणतीत ज्यांना ओळखपत्रं मिळाली होती त्यांना पर्यायी जागा द्यायला सांगितली, पण पर्यायी जागा ही हटवण्याची पूर्वअट ठरवली नाही. आणि हटवायचंच तर ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा सरून महिना होईपर्यंत, थांबायला सांगितलं.

या निकालातली तत्त्वं गाजली, पण ज्यांच्यासाठी खटला होता त्यांना फुटपाथ मिळाला नाही. नवख्याने हे पचवूनच पुढे जावं. आपल्या कामाला यातून दोन गोष्टी मिळतात: रीतसर वागण्याचं बंधन, आणि पावसाळ्यात हात न लावण्याचा दाखला. दुसरी गोष्ट कोकणात पहिलीपेक्षा जास्त चालते. जुलैत बाजाराच्या ओट्यावरून माणसं उठवायला निघालेल्या पथकाला "ऑक्टोबरअखेरपर्यंत थांबा असं खुद्द सर्वोच्च न्यायालयाने एकदा सांगितलंय" एवढं वाक्य पुरल्याचं मी बघितलंय. तो आदेश त्याच खटल्यापुरता होता हे खरं. म्हणून तो हुकूम म्हणून नाचवू नका, दाखला म्हणून ठेवा.

असाच घोळ बुलडोझरच्या निकालाचा होतो. १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस बंधनकारक केली. तो निकाल घेऊन लोक हातगाडीवाल्यासाठी आणि फुटपाथवर ताडपत्री बांधलेल्यासाठी धावतात. पण रस्ता, गल्ली, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय इथल्या बांधकामांना ते निर्देश लागू नाहीत असं त्याच निकालात लिहिलंय. आपली माणसं बहुतेक तिथेच असतात.

निवाऱ्याचं कर्तव्य कुठून आलं

हटवू नका म्हणणं वेगळं आणि निवारा द्या म्हणणं वेगळं. दुसऱ्या मागणीचा धागा आधी १९९० च्या शांतिस्टार बिल्डर्स आणि १९९६ च्या चमेली सिंग या निकालांत सापडतो. चमेली सिंगमध्ये कोर्टाने निवाऱ्याची जी व्याख्या केली ती अर्जात उतरवून काढण्यासारखी आहे. डोक्यावर नुसतं छप्पर म्हणजे निवारा नव्हे. पुरेशी जागा, सुरक्षित बांधकाम, स्वच्छ परिसर, उजेड, हवा, पाणी, वीज, शौचाची सोय हे सगळं त्यात येतं. अहमदाबाद महापालिकेच्या नवाब खान खटल्यात, त्याच सुमारास, कोर्टाने दोन्ही बाजू एकत्र मांडल्या: फुटपाथवर अतिक्रमणाचा हक्क नाही, पण गरिबाच्या निवाऱ्याची सोय करणं हे शासनाचं कर्तव्य आहे.

प्रत्यक्ष हुकूम आला तो २०१० मध्ये, तोही अन्नाच्या हक्काच्या खटल्यातून. डिसेंबर २००९ च्या थंडीत दिल्लीत पुसा रोडवरचा तंबूतला रात्रनिवारा पाडला गेला आणि त्यावरून गदारोळ झाला. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेची याचिका २००१ पासून सर्वोच्च न्यायालयात होतीच. तिच्यात हा विषय आला आणि कोर्टाने शहरांमध्ये दर एक लाख लोकसंख्येमागे किमान एक, चोवीस तास चालणारा, सोयींनी युक्त निवारा उभारायला राज्यांना सांगितलं. पुढे २०१३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात "शहरी बेघरांसाठी निवारा" ही योजना आणली. दर लाखामागे शंभर जणांची सोय, माणशी ५० चौरस फूट जागा, पाणी, न्हाणी, शौचालय, स्वयंपाकाची जागा, प्रथमोपचार पेटी, पांघरुणांची धुलाई, असे तिचे निकष होते. निवारा स्टेशन, बसस्थानक, बाजार अशा ठिकाणांच्या जवळ हवा, हेही त्यात होतं.

योजनेतले पैसे आणि प्रत्यक्षातले निवारे यांचा ताळमेळ लागेना, तेव्हा ई. आर. कुमार विरुद्ध भारत सरकार या खटल्यात नोव्हेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमली. निवारे जागेवर जाऊन तपासायचं काम तिच्याकडे होतं. हे नाव लक्षात ठेवा. अर्जात दोनच निकाल लिहायचे असतील तर २००१ च्या याचिकेतले २०१० चे आदेश आणि ई. आर. कुमार हे लिहा. ओल्गा टेलिस सगळ्यांनाच माहीत असतो, त्याने टेबलापलीकडचा माणूस हलत नाही.

सगळे निकाल आपल्या बाजूचे नाहीत, तेही माहीत असू द्या. जुलै २०२१ मध्ये मुंबईतल्या बेघरांना तीन वेळचं जेवण, पाणी, निवारा द्यावा अशी मागणी घेऊन एक जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली. महापालिका अन्नाची पाकिटं वाटतेय असं उत्तर आलं आणि कोर्टाने पुढचे आदेश द्यायला नकार दिला, बेघरांनीही देशासाठी काम करावं, सगळं राज्याने पुरवायचं नाही, असं म्हणत. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने भीक मागणाऱ्यांना रस्त्यांवरून हटवण्याची मागणी फेटाळली आणि आम्ही हा उच्चभ्रू दृष्टिकोन घेणार नाही असं सांगितलं. एकाच महिन्यातल्या या दोन आवाजांतला कुठला आपल्या वाट्याला येईल हे बऱ्याचदा आपल्या कागदावर अवलंबून असतं. मोघम मागणीला मोघम उत्तर मिळतं.

जाता जाता एक सावधगिरीची सूचना. इंटरनेटवर "बेघर, कौन्सिल, कोर्ट" असं शोधलं की निम्मं इंग्लंडचं येतं. तिथे १९७७ पासून स्वतंत्र कायदा आहे. आज १९९६ च्या गृहनिर्माण कायद्याच्या सातव्या भागाखाली बेघर माणूस थेट कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या पालिकेकडे, अर्ज करतो, आणि तो अटींत बसला तर त्याला घर मिळवून देणं कौन्सिलला भाग असतं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर कौन्सिलने पाच मुलांच्या एका आईला दूर मिल्टन कीन्सजवळ घर देऊ केलं, तर २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. जवळ घर का मिळालं नाही याचा हिशेब कौन्सिलने दिला नव्हता. वाचायला छान आहे, पण आपल्याकडे तसा कायदाच नाही. इथलं कर्तव्य संविधान, कोर्टाचे आदेश आणि योजना अशा तीन चिंध्या जोडून शिवलेलं आहे. इंग्लंडचा निकाल आपल्या अर्जात घातलात तर हसं होईल.

मोजणी

निकाल वाचून झाले की ते बाजूला ठेवा आणि रात्री बाहेर पडा. दोघं-तिघं जा, एखादी बाई बरोबर असूच द्या. रात्री ११ ते १ ही वेळ बरी. जनगणनेत बेघर कुणाला म्हणतात ते धरून चला: जे घर म्हणता येईल अशा जागेत राहत नाहीत, उघड्यावर, रस्त्याकडेला, पाइपांत, पुलाखाली, फलाटावर राहतात. २०११ ला अशा लोकांची देशभरातली नोंद सुमारे १७.७ लाख होती.

कोकणात इथे गफलत होते. मिरकरवाड्यासारख्या बंदरावर होडीवरच निजणारे खलाशी, आंब्याच्या बागेत खोपीत राहणारे राखणदार, चिरेखाणीवर पत्र्याच्या शेडमध्ये राहणारे विजापूरकडचे मजूर, वीटभट्टीवर गेलेली कातकरी कुटुंबं. हे सगळे हलाखीत असतात, पण सगळ्यांचा प्रश्न नगरपरिषदेचा नाही. मालकाने जागा दिली असेल तर तो कामगार कायद्यांचा विषय. आपल्या यादीत फक्त तोच घ्या, ज्याला आज रात्री हक्काचं छप्परच नाही. यादी छोटी झाली तरी चालेल. चौदा जणांची खरी यादी शंभर जणांच्या अंदाजापेक्षा जड असते.

नाव, अंदाजे वय, बाई की पुरुष, मुलं, काम काय करतात, किती दिवस इथे आहेत, आजार, जवळ कागद काय आहेत. फोटो काढू नका. माणूस झोपला असेल तर उठवू नका, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत जा. आणि नाव सांगायचं नसेल तर "एक आजी, अंदाजे ७०, बाजाराचा तिसरा ओटा" एवढंही पुरतं. याद्या पुढे सरकारी फायलीत जातात, म्हणून त्यांना विचारल्याशिवाय नाव लिहायचं नाही, हा नियम मी स्वतःपुरता केलाय.

अर्ज

एक पान. वर मुख्याधिकाऱ्यांचं नाव नको, पदनाम घाला. कोकणातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायती १९६५ च्या महाराष्ट्र अधिनियमाखाली चालतात आणि त्यात मुख्याधिकारी हाच कारभारी. नगराध्यक्षांना प्रत द्या, पण मूळ अर्ज मुख्याधिकाऱ्यांनाच. मजकूर साधारण असा:

"नगरपरिषद हद्दीत दि. … रोजी रात्री ११ ते १ या वेळेत सोबतच्या यादीतील … ठिकाणी एकूण … व्यक्ती उघड्यावर झोपलेल्या आढळल्या, त्यात … महिला व … मुले आहेत. मा. सर्वोच्च न्यायालयाचे रिट याचिका १९६/२००१ मधील २०१० चे आदेश व रिट याचिका ५५/२००३, ई. आर. कुमार, यांतील आदेश पाहता, (१) नगरपरिषदेच्या मालकीची वापरात नसलेली खोली पावसाळ्यासाठी रात्रनिवारा म्हणून उघडावी, (२) पाणी, शौचालय व वीज यांची सोय करावी, (३) कायम निवाऱ्याचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा, (४) केलेली कार्यवाही १५ दिवसांत लेखी कळवावी."

पहिली मागणी सगळ्यात महत्त्वाची, आणि ती मागण्याआधी ती खोली स्वतः बघून या. बंद पडलेली शाळेची वर्गखोली, जुनं वाचनालय, बाजाराच्या वरचा हॉल असं काहीतरी प्रत्येक गावात असतंच. पाऊण लाखाच्या रत्नागिरीलाही नियमाप्रमाणे शंभर जणांचा निवारा लागत नाही, मग दहा-वीस हजारांच्या गावाला कुठून लागणार? दहा गाद्यांची एक खोली मागा. मोठी इमारत मागितली की ती फाइल वर्षानुवर्षं फिरते.

दोन प्रती न्या. आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. "ठेवून जा, साहेबांना दाखवतो" असं म्हणतील. गोड बोला, पण हलू नका. शिक्का नसलेला अर्ज कोर्टाच्या दृष्टीने तुम्ही केलेलाच नसतो. उच्च न्यायालयात आदेश मागायला गेलात की पहिला प्रश्न हाच येतो: आधी मागितलं होतंत का, आणि नाकारलं का? माझा पहिला अर्ज शिक्क्याविना परत आला तेव्हा मला चहाचं कौतुक वाटलं होतं.

काय उत्तरं मिळतात

"आमच्याकडे बेघर नाहीत." यादी पुढे करा आणि रात्री बरोबर चला म्हणा. कुणी येत नाही, पण वाक्य परत येत नाही.

"सगळे बाहेरचे आहेत, परप्रांतातले, उद्या जातील." हे सगळ्यात जास्त ऐकू येतं आणि खरं सांगायचं तर आपल्याच लोकांच्या तोंडून. भारतात कुठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क अनुच्छेद १९ मध्ये आहे. अनुच्छेद २१ तर नागरिक असो नसो, प्रत्येक माणसाचा. योजनेतही निवाऱ्याला रहिवासी दाखल्याची अट नव्हती. आणि मुंबईच्या फुटपाथवर झोपणाऱ्यांत आपली कोकणातली माणसं कमी नव्हती, हेही हळूच सांगायला हरकत नाही.

"निधी नाही." इथे एक निकाल अगदी नेमका बसतो आणि तो एका नगरपालिकेविरुद्धचाच आहे. म्युनिसिपल कौन्सिल, रतलाम विरुद्ध वर्धीचंद, १९८०, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर. मध्य प्रदेशातल्या रतलाममध्ये उघडी गटारं आणि शौचालयांचा अभाव यावरून नागरिकांनी दंडाधिकाऱ्याकडे धाव घेतली. नगरपालिका म्हणाली पैसे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने पैशाची अडचण ही कर्तव्यातून सुटण्याची सबब होऊ शकत नाही असं ठरवलं. विषय निवाऱ्याचा नव्हता, स्वच्छतेचा होता. तेवढं प्रामाणिकपणे सांगून वापरा, निकाल तरीही चपखल लागतो.

"ही ऐच्छिक बाब आहे, आवश्यक कर्तव्य नाही." हा खरा अभ्यासू आक्षेप. १९६५ च्या अधिनियमात कलम ४९ मध्ये कर्तव्यं अशी दोन गटांत विभागलेली आहेतच. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत नागरी दारिद्र्य निर्मूलन येतं, पण ती राज्याने नगरपरिषदांकडे सोपवायच्या विषयांची यादी आहे, थेट हुकूम नव्हे. म्हणून या आक्षेपाला अनुसूचीने उत्तर देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश सर्व प्राधिकरणांवर बंधनकारक आहे, अनुच्छेद १४१ आणि १४४ पाहा, एवढंच लिहा.

"लाखाच्या आत लोकसंख्या आहे." राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरुवातीला लाखावरच्या शहरांना आणि जिल्हा मुख्यालयांना होतं, म्हणून अलिबाग आणि रत्नागिरी त्यात बसत होती. २०१६ पासून ते सगळ्या वैधानिक शहरांना, म्हणजे नगरपरिषदा-नगरपंचायतींच्या गावांनाही, खुलं झालं.

"योजनाच बंद झाली." हे निम्मं खरं आहे. अभियानाची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ई. आर. कुमार खटल्यातच महान्यायवादींनी (अ‍ॅटर्नी जनरल) नवं शहरी दारिद्र्य निर्मूलन अभियान आखणं चालू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं आणि कोर्टाने ते कधी लागू होणार याची विचारणा केली. तेव्हा योजनेच्या नावाने मागू नका, कोर्टाच्या आदेशाच्या नावाने मागा. योजना पैशाचा मार्ग होती, कर्तव्य तिच्या आधीपासून आहे.

दार चुकवू नका

यादीतल्या काही माणसांसाठी नगरपरिषद हे दारच नव्हे. कोकण रेल्वेने उतरलेला, स्वतःशी बोलणारा, कुठून आला हे सांगू न शकणारा माणूस स्टेशनबाहेर दिसला तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १०० उघडा. त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेणं हे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचं कर्तव्य आहे, कोठडीत ठेवायचं नाही, आणि त्याचे नातेवाईक शोधण्यासाठी हरवल्याची नोंद करायची आहे. बेघराला सरकारी उपचार मोफत मिळतात, दारिद्र्यरेषेचं कार्ड नसलं तरी. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, राज्यातल्या अशा चारांपैकी एक. पोलीस ठाण्यात "हे आमचं काम नाही" म्हणाले तर कलम दाखवा. बहुतेकांना ते ठाऊकच नसतं, दाखवल्यावर राग येत नाही.

एकटं मूल असेल तर १०९८, ही मुलांसाठीची हेल्पलाइन. त्याला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. मुलांनी घराबाहेर काढलेले म्हातारे असतील तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडचं न्यायाधिकरण. दरडीत किंवा पुरात घर गेलेल्याचा रस्ता तहसीलदारांकडून जातो. आपत्ती व्यवस्थापन कायद्यात निवारा, अन्न, पाणी यांचे किमान निकष ठरवायला सांगितलंय. तळियेला २०२१ मध्ये आणि इरशाळवाडीला २०२३ मध्ये जे झालं त्यानंतर रायगडात हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

ग्रामपंचायत हद्दीत शहरी निवाऱ्याची योजना पोचतच नव्हती. तिथे घरकुलाचा मार्ग आहे, कातकऱ्यांसाठी शबरी आणि जनमन या आदिवासींच्या घरकुल योजना आहेत. पण घरकुलाला जागा लागते आणि बेघराकडे नेमकी तीच नसते. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

भीक मागणाऱ्याला पोलिसांनी उचललं तर सांभाळून बोला. १९५९ चा मुंबईचा भीकबंदी कायदा दिल्लीपुरता दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बऱ्याच अंशी रद्द केला, पण तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही.

उत्तर आलं नाही तर

पंधरा दिवस गेले की माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. विचारा: आवक क्रमांक अमुकवर काय कार्यवाही झाली, बेघरांचं सर्वेक्षण कधी झालं त्याची प्रत, निवाऱ्यासाठी आलेला आणि खर्ची पडलेला निधी, नगरपरिषदेच्या वापरात नसलेल्या इमारतींची यादी. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. उत्तराला ३० दिवस, मग पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प.

दरम्यान तालुका विधी सेवा समितीकडे जा, ती तालुक्याच्या कोर्टातच बसते. फोन १५१००. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांना राज्यात वार्षिक तीन लाखांच्या आत उत्पन्न असेल तर. फलाटावर झोपणारा त्यात बसणार नाही असं होत नाही.

त्यापुढे उच्च न्यायालय. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या लोकांसाठी इथे मोठा बदल झालाय: १८ ऑगस्ट २०२५ पासून या दोन जिल्ह्यांची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. रायगड, ठाणे, पालघर मुंबईलाच. रत्नागिरीहून आंबा घाटातून सकाळच्या एसटीने कोल्हापूरला जाऊन संध्याकाळी परत येता येतं. पूर्वी एका तारखेला मुंबईत मुक्काम पडायचा. सोबत न्यायचं ते: शिक्का असलेला अर्ज, यादी, माहिती अधिकाराचं उत्तर किंवा उत्तर न आल्याचा पुरावा, आणि निदान एका बेघर व्यक्तीचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र. शेवटचा कागद मिळवायला वेळ लागतो, त्याची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवा.

ओळखीचा पुरावा हा आणखी एक अडसर. मतदार नोंदणीत बेघरासाठी पत्त्याच्या कागदाची सक्ती नाही. नमुना ६ मध्ये, म्हणजे नोंदणीच्या अर्जात, दिलेल्या जागी तो खरंच झोपतो का हे बीएलओने, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, रात्री येऊन बघायचं असतं. मतदार ओळखपत्र झालं की बाकीचे कागद हळूहळू सुटतात.

माझ्या दुसऱ्या अर्जाला कोर्टापर्यंत जावं लागलं नाही. माहिती अधिकारात रिकाम्या इमारतींची यादी आली, तिच्यात एक जुनी वर्गखोली होती, आणि जुलैच्या मध्यावर ती उघडली. पहिल्या रात्री मी मुद्दाम नऊ वाजता गेले. पाण्याचं पिंप भरलेलं, दिवा चालू, सतरंज्या अंथरलेल्या. दाराला कुलूप. किल्ली शिपाईदादांकडे होती आणि ते सहा वाजता ड्यूटी संपवून गावी गेले होते. सात माणसं पागोळ्यांखाली उभी. तेव्हापासून माझ्या अर्जात पाचवी मागणी असते: निवाऱ्याची किल्ली रात्री कुणाकडे राहील, त्याचं नाव आणि मोबाइल नंबर दारावर लिहावा.